पोकळीचा माग

रंकाळ्यात अग्निशमन दलाची बोट सकाळपासून फिरत होती. दोन जवान लांब काठ्यांनी तळ चाचपत होते आणि काठावरच्या दगडी कठड्यावर बसून धैर्यशील इंगवले त्यांच्याकडे एकटक बघत होता. त्याची बायको केतकी आदल्या दिवशी दुपारी घरातून गेली ती परत आलीच नव्हती. संध्याकाळी तिचा मोबाइल इथल्याच एका बाकावर सापडला. मोबाइलशेजारी घराची किल्ली होती.

धाकटी बहीण संयोगिता चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ आली. त्यानं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"संयू, तिला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"दादा, अजून काही कळलेलं नाही."

"मग किल्ली कशाला ठेवून जाईल कोण?"

तपासावरच्या उपनिरीक्षक मगदूमबाई जवळच उभ्या होत्या. धैर्यशीलनं त्यांना पुन्हा तेच विचारलं, जे तो कालपासून विचारत होता. "मॅडम, त्या खांबावर कॅमेरा आहे. भेळेच्या गाड्यांपाशी आहे. बघा की त्यात."

"बघितलं. रिकामा रस्ता दिसतो. तुम्हाला माहीत आहे ते."

"मग थर उघडा."

"त्याला कोर्टाचा आदेश लागतो. आमचा अर्ज गेलाय. पण सज्ञान बाई आहे, स्वतःच्या पायानं बाहेर पडलीय, जबरदस्तीची खूण नाही. कोर्ट वेळ घेणार. तोवर आम्ही पाणी शोधतोय."

रिकामा रस्ता म्हणजे काय, हे एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून बायकांच्या रोजच्या हालचाली चोरून विकल्या जात असल्याचं उघडकीला आलं, आंदोलनं झाली आणि नवा कायदा आला. सार्वजनिक जागेतल्या कॅमेऱ्यानं माणूस दाखवायचा नाही. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याच्या आतच एक चाळणी बसवली गेली. चित्रात माणूस शिरला की चाळणी त्याची बाह्यरेषा पकडायची, तो चालेल तशी ती रेषा त्याच्याबरोबर सरकवायची, त्याला चित्रातून अलगद उचलायची आणि मागं उरलेली जागा भिंतीनं, झाडानं, डांबरानं भरून काढायची. उचललेला माणूस वेगळ्या थरात कुलूपबंद व्हायचा आणि पंधरवड्यानं तो थर आपोआप पुसला जायचा. उरायच्या त्या गाड्या, कुत्री, वाऱ्यानं उडणारे कागद. स्कूटर बिनस्वाराच्या धावताना दिसायच्या. अशा चित्रात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून राज्यभर ती सगळ्यांसाठी खुली ठेवली होती, मागच्या दिवसांचीसुद्धा. पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं, कुठल्या चौकात वाहनं तुंबली, हे लोक घरबसल्या त्यावर बघत.

धैर्यशील बहिणीकडे वळला. "तू तेच काम करतीस ना? माणसं उचलायचं?"

"सिनेमात करते दादा. हे वेगळं."

"वेगळं काय त्यात? कर ना काहीतरी."

शिरोलीच्या फाउंड्रीत शेकडो माणसांवर आवाज चढवणारा तिचा भाऊ हे विनवणीच्या सुरात बोलला. वडील गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं होतं. पोरीच्या जातीला हा कसला धंदा, असं म्हणणाऱ्या चुलत्यांना त्यानंच घराबाहेर काढलं होतं. संयोगितानं मान हलवली आणि ती तिथून तडक राजारामपुरीतल्या स्टुडिओत आली.

हा स्टुडिओ तिचा आणि इरफान मुजावरचा. ती चित्राच्या बाजूची, तो प्रोग्रॅमच्या. कड्यावरून उडी मारणाऱ्या नटाच्या कमरेची तार चित्रातून काढणं, एका गर्दीतला घोडा उचलून दुसऱ्या गर्दीत नेणं, असली त्यांची कामं. संयोगितानं सुरुवात केली तेव्हा हे हातानं चाले. नट पडद्यावरून धावत गेला, की प्रत्येक चित्रचौकटीत त्याच्याभोवती बिंदू बिंदू जोडून रेघ ओढायची. पुढे यंत्र ते शिकलं. नटावर एकदा बोट ठेवलं की पुढच्या सगळ्या चौकटींत ते त्याला धरून ठेवायचं. तो खांबामागं गेला तरी विसरायचं नाही, पलीकडून बाहेर आला की पुन्हा उचलायचं. कॅमेऱ्यांमधली चाळणी म्हणजे याच यंत्राचं सरकारी रूप होतं.

"भरलेली जागा मला ओळखू येते," तिनं इरफानला सांगितलं. "तार काढल्यावर दिग्दर्शकाला काही दिसत नाही, पण मला तिथं काहीतरी खटकतं. चित्र तेवढ्या जागी जास्तच शांत असतं."

इरफाननं खुर्ची तिच्याकडे वळवली. "शांत म्हणजे रवा नाही म्हणून."

रवा हा त्यांचा आपसातला शब्द. कॅमेऱ्याच्या काचेमागं लाखो बारीक बिंदू असतात आणि त्यांच्यावर प्रकाश पावसासारखा कणाकणानं पडतो. दोन क्षणी तो कधीच अगदी सारखा पडत नाही. म्हणून स्थिर भिंतीचं चित्रसुद्धा जवळून पाहिलं तर सतत थरथरत असतं, तव्यावर हलवत राहिलेल्या रव्यासारखं. माणूस उचलल्यावर मागची भिंत भरायला चाळणी आधीच्या अनेक चौकटींची सरासरी घेते, आणि सरासरीत थरथर मरून जाते. ते लपवायला वरून खोटा रवा भुरभुरवतात. पण खोटा रवा सूत्रानं बनलेला असतो. रफू कितीही बारीक असलं तरी कापड उजेडात धरलं की दिसतं, तसंच हे.

"म्हणजे खोटा रवा कुठं आहे ते शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा," इरफान म्हणाला. "माणूस दिसणार नाही. माणसाच्या आकाराची पोकळी दिसेल."

"आणि ती चालताना दिसेल. मला तेवढं पुरे."

इरफाननं इतर सगळी कामं बाजूला ठेवली. त्याला समजावावं लागलं नाही. त्याचे चाचा म्हातारपणी विसरभोळे झाले होते. एका दुपारी ते घराबाहेर पडले आणि कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत त्यांचा थर पुसला गेला होता. ते आजवर सापडले नव्हते.

पहिली चाचणी त्यांनी इरफानवरच घेतली. तो खाली कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन आला आणि मग दोघांनी त्या रस्त्याचं रिकामं चित्र प्रोग्रॅममधून चालवलं. सुनसान फुटपाथवर निळसर डाग उमटला. आधी नुसता ढगासारखा, मग त्याला पाय फुटले, हात हलू लागले. टपरीपाशी डाग थांबला, डोकं मागं टाकून त्यानं काहीतरी प्यायलं आणि तो परत फिरला. इरफाननं ते चित्र पुन्हा पहिल्यापासून चालवलं.

रंकाळ्यावर असे शेकडो डाग होते. त्यांतून केतकी ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न होता, आणि तो संयोगितानं सोडवला. चेहऱ्याशिवाय माणूस ओळखायची सवय तिच्या हाताला होती. पावलातलं अंतर, खांद्याचा झोका, वळताना आधी मान वळते की कंबर, हे प्रत्येकाचं निराळं असतं. घरातल्या लग्नांचे, सहलींचे व्हिडिओ काढून तिनं वहिनीची चाल यंत्राला शिकवली. केतकी उजवं पाऊल टाकताना खांदा जरा पुढे घ्यायची, जणू दार ढकलतेय.

चौथ्या दिवशी डाग सापडला. तो बाकावर बसला होता. बराच वेळ बसला. मग हात पुढे झाला, बाकावर काहीतरी ठेवलं गेलं. डाग उठला आणि कठड्यापाशी जाऊन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. संयोगितानं टेबलाची कड घट्ट धरली. पडद्यावर तलाव होता, दुपारचं ऊन होतं आणि त्याच्यासमोर ती माणसाएवढी पोकळी. मग पोकळी वळली. कठडा सोडून ती रस्त्याला लागली आणि रंकाळा स्टँडच्या दिशेनं चालू लागली. पावलं आधीपेक्षा लांब पडत होती.

संयोगितानं लगेच फोन केला. "दादा, बोट थांबवायला सांग. वहिनी पाण्यात नाहीत. चालत स्टँडकडे गेल्यात. मी बघितलं."

पलीकडे धैर्यशील रडू लागला. तो असा रडलेला तिनं वडिलांच्या वेळीही ऐकला नव्हता. थोड्या वेळानं आवाज सावरून तो म्हणाला, "कुठल्या गाडीत बसली ते बघ."

तिनं फोन ठेवला तेव्हा इरफान तिच्याकडेच बघत होता. "इथं थांबूया असं मला वाटतं," तो म्हणाला.

"का?"

"चाचा हरवले होते. या हरवलेल्या नाहीत. किल्ली ठेवून गेल्यात."

"भाऊ आहे तो माझा, इरफान. त्याला नुसतं जिवंत आहे एवढंच सांगू?"

"तेवढं पोलिसांना सांग. त्यांचंही तेवढंच काम आहे."

तिनं ऐकलं नाही. गाड्यांवरच्या पाट्या रिकाम्या चित्रांतही वाचता येत. डाग गगनबावड्यावरून वैभववाडीला जाणाऱ्या गाडीत चढला होता. प्रत्येक थांब्यावर कॅमेरा होता, प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र खुलं होतं. घाट उतरून गाडी वैभववाडीत थांबली, तिथं डाग खाली आला, दुसऱ्या गाडीत चढला आणि कुडाळला उतरला. तिथून पुढचं तर सोपंच होतं. सकाळी तो एका गल्लीतून निघायचा, बाजारपेठेतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये शिरायचा, संध्याकाळी भाजी घेऊन परतायचा. कधी जाते, कुठून वळते, वाटेत कुठं थांबते, सगळं संयोगिताला राजारामपुरीत बसून कळत होतं. यासाठी तिला कुणाची परवानगी लागली नव्हती आणि त्या बाईला याचा पत्ताही नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा तिनं पडदा बंद केला. भावाला तिनं एवढंच सांगितलं, की शोध चालू आहे. आणि दुसऱ्या दिवशी कुडाळची गाडी पकडली.

केतकी लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. संयोगिताला दारात बघून तिचे हात थांबले. ती आधी संयोगिताच्या मागं बघू लागली.

"मी एकटीच आहे वहिनी. दादाला माहीत नाही."

केतकीनं मालकीणबाईंना काहीतरी सांगितलं आणि दोघी मागच्या अंगणात आल्या. तिथं काजूच्या झाडाखाली दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. केतकी बसली नाही.

"कशी सापडले मी?"

संयोगितानं सगळं सांगितलं. रवा, पोकळी, चाल. सांगताना तिला अभिमान वाटायला हवा होता. पण केतकीचा चेहरा बघून तिचा आवाज उतरत गेला.

"कठड्यापाशी उभी राहिले, तेही बघितलंस?"

"हो."

"तेव्हा ठरत नव्हतं," केतकी म्हणाली. "मग ठरलं."

ती खुर्चीत बसली आणि बोलू लागली. "तुझ्या भावानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. घरात चोरांसाठी म्हणून कॅमेरे लावले. घरात तो रस्त्यावरचा कायदा चालत नाही. पडद्यावर माझ्याभोवती हिरवी रेघ असायची. मी चालले की रेघ चालायची, मी आडवी झाले की रेघ आडवी. संध्याकाळी जेवताना विचारायचे, दुपारी गॅलरीत कुणाशी बोलत होतीस? कपडे वाळत घालत होते मी. मग हसून म्हणायचे, सहज विचारलं. रोज सहज. कोल्हापुरात मी ज्या लॅबमध्ये होते तिथं कॅमेरा नव्हता, त्याचा त्यांना त्रास व्हायचा, म्हणून मी नोकरी सोडली. माहेरी गेले की फोन चालू ठेवून खिशात ठेवायला सांगायचे. शेवटी शेवटी मी एकटी असतानाही त्यांना आवडेल अशी बसायला लागले होते. उठतानासुद्धा विचार करायची, आत्ता उठलं तर काय वाटेल."

"मला तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? नवरा फार काळजी करतो म्हणून?" केतकीनं तिच्याकडे सरळ बघितलं. "रस्त्यावर पाऊल टाकलं तेव्हा केवढं हलकं वाटलं होतं मला. वाटलं, आता आपण कुणालाच दिसत नाही. आणि तू मला भाजी घेतानासुद्धा बघितलंस."

संयोगिताला मान वर करता येईना.

"मी पोलिसांना फोन करते, जबाब देते, म्हणजे शोध थांबेल," केतकी म्हणाली. "पण तू एक कर. मला शोधलंस ना? आता असं काहीतरी कर, की तुलाही मला पुन्हा शोधता येऊ नये. माझ्यासारख्या कितीजणी त्या रिकाम्या रस्त्यांवर विश्वास ठेवून घराबाहेर पडल्या असतील."

"करते," संयोगिता म्हणाली. परतीच्या गाडीत बसेपर्यंत, म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण शब्द दिला होता.

कोल्हापुरात उतरून ती आधी भावाच्या घरी गेली. धैर्यशील सोफ्यावर बसला होता.

"सापडली," ती उभ्यानंच म्हणाली. "बरी आहे. तिनं पोलिसांना जबाब दिलाय. कुठं आहे ते मी सांगणार नाही."

त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "मी नवरा आहे तिचा."

"माहीत आहे."

"तुला शिकवलं कुणी, संयू? तुझ्यासाठी सगळ्या भाऊबंदांशी भांडलं कोण?"

"तू. म्हणून तर समोर येऊन सांगतेय. सापडली नाही असं फोनवरही सांगता आलं असतं."

"मी काय केलं तिला? सांग की. एक बोट तरी लावलं का?"

तिनं भिंतीच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथल्या छोट्या काळ्या डबीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता. "आत्ता आपण बोलतोय, ते नंतर बघणार आहेस ना तू?"

धैर्यशीलनंही डबीकडे पाहिलं. "मला काळजी वाटायची," तो हळू म्हणाला.

"वाटत असेल. तिला त्यात श्वास घेता येईना."

"चालती हो," तो म्हणाला. आवाज न चढवता. ती निघाली.

रागाच्या भरात त्यानं मग भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, की माझ्या बहिणीकडे रिकाम्या चित्रातून माणूस शोधायचं यंत्र आहे आणि ती माझ्याच बायकोचा पत्ता लपवतेय. आठवड्याभरात स्टुडिओच्या जिन्यात माणसं उभी राहू लागली. गडहिंग्लजचा एक बाप आला. मुलीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं आणि ती कुठं राहते ते त्याला हवं होतं. कशासाठी, हे त्यानं सांगितलं नाही. एका कारखान्याचा माणूस आला, संप करणारे कामगार कुणाकुणाच्या घरी जमतात ते बघायला. आणि एक आई आली. तिचा मतिमंद मुलगा जोतिबाच्या यात्रेत हात सोडून गेला होता.

बापाला आणि कारखान्याच्या माणसाला संयोगितानं दारातूनच परत पाठवलं. मुलगा मात्र इरफाननं शोधला. वाठारच्या पुलाखाली सापडला तो, तापानं फणफणलेला. त्याची आई इरफानच्या पायाच पडायला निघाली होती. ती गेल्यावर इरफान म्हणाला, "आता सांग, हे बंद करायचं?"

"करायचं."

"हा पोरगा मेला असता."

"आणि त्या बापाला आपण नाही म्हटलं तरी तो दुसऱ्या कुणाकडे जाईल. आपल्याला जमलं ते उद्या दुसऱ्याला जमेल. तो दारातून परत पाठवेलच असं नाही."

"मग सगळ्यांनाच हरवू द्यायचं? चाचांसारखं?"

ती त्याच्यासमोर बसली. दोघं दुपारभर वाद घालत राहिले. एकमेकांना दुखावलंही. शेवटी इरफानच म्हणाला, "चाचांना आपण विसरतोय हे कळत होतं. तेव्हाच कुणी विचारलं असतं, की हरवलात तर तुमचा थर कुणी उघडावा, तर त्यांनी माझं नाव सांगितलं असतं. कोर्टात जायची वेळच आली नसती."

संयोगिता सरळ बसली. "पुन्हा सांग."

"माणसानं आधीच ठरवून ठेवायचं. आपल्या थराची किल्ली कुणाकडे. आई, मैत्रीण, कुणीही. किंवा कुणीच नाही."

"नवरा आपोआप नाही."

"बापसुद्धा आपोआप नाही. ज्याला स्वतःला ठरवता येत नाही, अशा लहानग्यांसाठी, त्या पोरासारख्यांसाठी, कोर्टानं आधीच नेमून ठेवायचं. हरवल्यावर नाही."

पोकळी शोधणारा प्रोग्रॅम आणि किल्लीची कल्पना, दोन्ही घेऊन त्यांनी मुंबई गाठली. कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या संचालक निमकरबाईंनी सगळं शांतपणे पाहून घेतलं. त्या हुशार होत्या, त्यांना धोका लगेच कळला. पण त्यांच्या हाताखाली लाखो कॅमेरे होते.

"नवी चाळणी लिहायची, तपासायची, बसवायची. आम्हाला वर्षभर द्या," त्या म्हणाल्या. "तोवर कृपा करून हे बाहेर जाऊ देऊ नका."

"बाहेर गेलेलंच आहे मॅडम. माझ्या जिन्यात माणसं उभी आहेत," संयोगिता म्हणाली. "चाळणीला वेळ लागेल, मान्य. पण चित्रं बंद करायला बटण पुरेसं आहे. ती आधी बंद करा. पुढच्या सोमवारी ती खुलीच दिसली, तर रिकामे रस्ते रिकामे नाहीत हे मी पत्रकारांना बोलावून दाखवेन. निदान बायकांना कळेल तरी, की आपण दिसतोय."

"तुमच्यावर खटला होऊ शकतो, कल्पना आहे ना?"

"आहे."

निमकरबाईंनी फोन उचलला. सोमवारच्या आत राज्यातली खुली चित्रं बंद झाली. वाहतुकीची, पुराची खबर मिळेना म्हणून लोकांनी शिव्या दिल्या. कुणी संयोगिताला, कुणी सरकारला. खटला झाला नाही, पण सिनेमावाल्यांनी भानगड नको म्हणून त्यांच्या स्टुडिओकडे पाठ फिरवली. पुढचे कित्येक महिने ती आणि इरफान प्राधिकरणासाठी नवी चाळणी घडवत राहिले. उपाय शेवटी साधाच निघाला. खोटा रवा खऱ्यासारखा करण्याच्या मागं लागायचं नाही, उलट सगळ्या चित्राचाच खरा रवा पुसायचा आणि अख्ख्या चौकटीवर एकच खोटा रवा पसरायचा. सगळं कापडच रफूचं झालं की रफू कुठं आहे ते कुणाला सांगता येणार?

नव्या चाळणीची परीक्षा संयोगितानंच घेतली. इरफान कोपऱ्यावर जाऊन आला. तिनं प्रोग्रॅम चालवला, निकष बदलून पुन्हा चालवला, हातानं एकेक चौकट तपासली. फुटपाथवर ऊन होतं आणि एक कुत्रं झोपलं होतं.

"सापडत नाहीस," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

त्याच वर्षी थराच्या किल्लीचा नियमही आला. केतकीनं कुडाळ केव्हाच सोडलं होतं. आता ती कुठं होती, हे संयोगिताला ठाऊक नव्हतं आणि शोधायचं साधन तिनं स्वतःच्या हातानं मोडलं होतं. धैर्यशील तिच्याशी बोलत नव्हता. दिवाळीला तिनं पाठवलेला फराळाचा डबा तसाच परत आला.

मग एक दिवस केतकीचा फोन आला. घटस्फोटाच्या अर्जासाठी ती स्वतः कोल्हापूरच्या कोर्टात येणार होती. वकिलानं ती न येताही काम भागेल असं सांगितलं होतं. "पण मला यायचंय," ती म्हणाली. "मुख्य रस्त्यानं, दिवसाढवळ्या."

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात ती आली तेव्हा धैर्यशील बाकावर बसला होता. तो वाळला होता. संयोगिता दोघांपासून जरा दूर उभी राहिली. केतकी त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"बरी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. तुम्ही?"

त्यानं मान हलवली. मग सवयीनं विचारलं, "कुठं असतीस आता?"

"ते मी सांगणार नाही."

धैर्यशीलचं तोंड उघडलं आणि मिटलं. संयोगिताला त्याच्या गालाचा स्नायू हललेला दिसला. शेवटी म्हणाला, "बरं."

पुढे त्यानं काही विचारलं नाही. आत त्याचा वकील हरकत घेण्याच्या तयारीत होता, पण धैर्यशीलनं त्याला हातानं खाली बसवलं आणि दाखवलेल्या जागी सही केली. जाताना तो संयोगिताजवळ क्षणभर थांबला. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो पुढे गेला.

काम आटोपल्यावर दोघी चालत मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत आल्या. केतकी मोकळ्या हातांनी चालत होती. दुकानांच्या काचांत डोकावत होती, मध्येच थांबून तिनं शेंगा घेतल्या. स्थानकाच्या फाटकाशी ती म्हणाली, "माझ्या थराच्या किल्लीला तुझं नाव दिलंय."

"वहिनी, मी कधी उघडणार नाही."

"असं नको म्हणू. वेळ आली तर उघड. तुला कळेल कधी ते. म्हणून तर तुझं नाव दिलंय." तिनं शेंगांची पुडी संयोगिताच्या हातात दिली. "आणि वहिनी काय म्हणतेस आता? केतकी म्हण."

ती फाटकातून आत गेली. समोर पाच-सहा गाड्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांच्या पाट्या फाटकातूनही वाचता येण्यासारख्या. केतकी त्यांच्या दिशेनं चालू लागली, उजव्या पावलाबरोबर खांदा पुढे घेत. ती कुठल्या गाडीकडे वळते हे दिसण्याआधीच संयोगितानं पाठ फिरवली, पुडीतली एक शेंग फोडली आणि रस्ता ओलांडायला वाहनं थांबायची वाट बघत उभी राहिली.